दिवाळीपातूरचा शेजार

काल दुपारपासनं आखाडाचं वारं सुटलंय. आमच्या इंदापूरच्या अंगाला आखाडात पाऊस थोडा आन् वारंच लई. ढग येत्यात, पर वरच्या वर पळत्यात, जेवाय बसवल्याल्या पाव्हण्याला गाडीची घाई असावी तसं. आमच्या वाट्याला नुसता आवाज. वट्यावरचं पत्रं वाजतं, लिंब एका अंगाला कलतो, दोरीवरचं धोतर फुगून माणूस उभा ऱ्हायल्यावाणी दिसतं. परवा मी त्येलाच रामराम घातला आन् जबाब आला न्हाय म्हणून मनात राग बी धरला. डोळं आता थकल्यात म्हणा. पर खरं सांगू का, डोळं धड हुतं तवा तरी मी कुठं नीट बघितलं?

ह्या वाऱ्यातच नात आली, मंदा. ती आन् तिचा नवरा दोघं बी बारामतीत नोकरीला. आता घर घ्यायचं म्हणत्यात, पयलंच. तीन ठिकाणं बघून ठिवल्यात. माझ्यापुढं कागद पसरला, त्येच्यावर नुसत्या रेघा. ही खोली, ही मोरी, हितं दिवाण. मी कागद उलटा धरून मान हलवली. मग म्हणली, आबा, घर तिन्हीकडं सारकंच हाय, भाग कुठला बरा ते सांगा. तिची आय, म्हंजी माझी लेक यसू, चुलीपुढं भाकरी थापत बसल्याली. तिचा हात तसाच पिठात ऱ्हायला आन् ती हसाय लागली.

"कुणाला इचारतीस गं? तुझ्या आजानं घर घेतलं आन् आळीच्या आळी पळून गेली."

हसू दे. तिला हक हाय. त्या घरात पयली रडली ती तीच.

आमी मेंढकं. बापाचा, आजाचा, त्येच्या बापाचा एकच शिरस्ता. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर घालायचं, मेंढरं पुढं घालायची आन् घाट उतरून कोकणात जायचं. मिरगाच्या तोंडाला माघारी. कोकणातला पाऊस मेंढराला सोसत न्हाय आन् आमच्याकडचा उन्हाळा मेंढराला चारा देत न्हाय, म्हणून ही येरझार. तवा गाव म्हंजी आमाला निम्म्या वरसाचं. मी तिशीला टेकलो तरी माझ्या मुलखात पौष कसा असतो ते मी बघितलं नव्हतं. लोकं हुरड्याच्या गोष्टी सांगायची. मी बी जिभंवर पाणी आणून व्हय व्हय करायचो. हितं कणसं भाजायची तवा मी घाटाखाली कुणाच्या भाताच्या खाचरात मेंढरं बसवत असायचो. हितली थंडी ठावं न्हाय, हितला चैत ठावं न्हाय, दिवाळीनंतर हितं वारं कुठल्या अंगानं येतं ते बी ठावं न्हाय. आन् तरी कुणी इचारलं तर छाती पुढं काढून सांगायचो, हा आमचा मुलूख, ह्याचा दगड न् दगड वळखीचा. दगड वळखीचं हुतं. दगड कुठं जात न्हाईत.

मेंढका म्हणून बी मी कसा, तर मेंढरं माझ्याकडनं कवा हरवली न्हाईत. मीच हरवायचो. मेंढरं सांजंला तळावर बरूबर यायची आन् मग मला हुडकाय माणूस धाडायला लागायचा. त्यामुळं मी जवा थोरल्या भावाला म्हणलं की दादा, माझ्या वाटणीची मेंढरं तू घे आन् मला कुठंतर दोन खणाचं घर करून दे, तवा दादानं अडवलं न्हाय. उलट त्येच्या तोंडावर ऊन पडल्यावाणी झालं.

घर हौसाला पायजे हुतं. हौसा माझी बायकू. आमचं पयलं लेकरू वाटंवर झालं, घाटाच्या पायथ्याला, आन् तितंच मातीत ठिऊन आमी फुडं गेलो. मेंढरं थांबत न्हाईत. त्येच्यावर मला अजून कुठली चेष्टा सुचली न्हाय. दुसऱ्यांदा दिवस गेलं तवा ती तीन दगडाच्या चुलीपुढं बसून येवढंच बोलली, "मला भिंतीचं कवतिक न्हाय. हाक मारली की येणारी बाई पायजे. ती कुठं मिळती ते बघा."

मी म्हणलं, त्यात काय. जल्मभर तळ निवडला, घर निवडता येत न्हाय व्हय. तळाचं गणित सोपं असतं. वाऱ्याला पाठ पायजे, जमीन कोरडी पायजे, आन् गावची कुत्री लई भुंकाय नकोत. येवढी तीन कलमं डोक्यात घिऊन मी निघालो. माणसाच्या घराला एकच कलम लागतं आन् ते बी माझ्या यादीत नव्हतं.

पयल्यांदा गेलो काटेवाडीच्या अंगाला. तितं पाटाचं पाणी, मळं, वांगी, गवार, कोथमिरीचा वास असा की वाटंनं जाणाऱ्याला भूक लागावी. एका मळ्याच्या कडंला दोन खणाची जागा मोकळी हुती. मळ्याचा मालक, लोकं त्येला गेनूतात्या म्हणायची, वाफ्यात उभा राहून पाण्याला दारं धरत हुता. मी बांधावर उभा. त्यो वर बघंना. मी खाकरलो. मग मीच आपली वळख सांगितली, बिरू मेंढका, हितं ऱ्हायाचा इचार हाय. तरी त्येचं आपलं फावड्यानं एक वाफा मोड, दुसरा फोड. शेवटी इचारलं की तात्या, हितला शेजारपाजार कसा हाय.

तवा त्यो फावड्याला टेकला. "बोलायला हितं कुणाला सवड न्हाय. हाक मारली तर येत्यात."

ह्या वाक्याचा पयला निम्मा माझ्या कानात गेला आन् दुसरा निम्मा बांधावरच पडला. मला वाटलं, काय माणसं, बोलायला सवड न्हाय म्हणं. आन् पायाखाली बघतो तर वल. टाच रुतली. माझ्या डोक्यात लगीच घंटा वाजली, वल्या जमिनीत खुरं सडत्यात. मेंढरं तर सगळी दादाला दिलेली. कुणाची खुरं सडणार हुती? माझी? हौसाची? पर हाडात मुरल्यालं शाणपण असं असतं, ते इचारून काम करत न्हाय. मी नको म्हणून माघारी फिरलो. तात्यानं जाताना एका शब्दानं न बोलता माझ्या उपरण्यात चार वांगी टाकली.

हौसानं ती वांगी भरून केली. खाताना म्हणली की ज्येनं न मागता वांगी दिली त्यो माणूस वाईट कसा. मी म्हणलं, त्यो हसला न्हाय. ती म्हणली, वांगी हसत्यात का. बाईच्या जातीला काय कळतंय म्हणून मी दुसरं वांगं घेतलं.

मग बारामतीच्या पेठंत गेलो. तितं घराला घर, भिंतीला भिंत. मला ते लई नवल वाटलं. म्हणलं, एक भिंत दोघांची, म्हंजी निम्मं घर त्योच राखणार. पर उभा राहून बघाय गेलो तर आभाळ दिसंना, वारं कुठनं येतंय ते कळंना, आन् कळंना म्हणून मी एका वट्यावर टेकलो. खांद्यावर घोंगडं हुतं. आतनं एक बाई आली, घोंगड्याचा काठ चाचपून बघितला, आत गेली, सासूला घिऊन आली. दोघींनी उसवून बघितल्यागत बघितलं. मग किंमत इचारली. आता मी घर बघाय आलोय हे कसं सांगावं? वट्यावर बसल्यावर वट्याचा मान ठिवायला पायजे. मी पडल्या आवाजात आकडा सांगितला, त्यांनी निम्मा केला, मी व्हय म्हणलं. घर घ्यायला गेल्याला माणूस अंगावरचं घोंगडं इकून आला. हौसानं मला बिनघोंगड्याचं बघितलं आन् इचारलं, मिळालं का घर? म्हणलं, न्हाय, पर गिऱ्हाईक चांगलं हाय तिकडं.

आन् मग इंदापूर. गावाच्या शेवटाला गाडीवानांची आळी, दहा घरं, समोरासमोर पाच पाच. मधी लिंब. आखाडच हुता, असंच वारं. मी आळीत पाय ठिवला आन् माझा जीव हरकला. दहाची दहा घरं धाब्याची, जाड मातीची, आन् त्यातलं ज्ये एक रिकामं हुतं त्येची पाठ मावळतीला. वारं पाठीवर आपटायचं आन् दारात मुंगी सुद्धा हलत नव्हती. जमीन कोरडी ठणठणीत. कुत्री दोन, ती बी झोपल्याली. तिन्ही कलमं पास.

वर आन् माणसं. लिंबाखाली सगळं बापई बसल्यालं. दुपारची येळ, कामाला कोण न्हाय, बैलं बांधलेली, बाया एकमेकीच्या डोक्यात बघतायत. मला बसवलं, गुळाचा च्या दिला. धोंडीतात्या म्हणून त्यांच्यातला वडीलधारा, मिशीला पीळ, त्येनं माझी चवकशी केली. मी घोंगड्याची गोष्ट सांगितली. सगळी आळी हसली. एक जण तर लिंबाला धरून हसला. आजपातूर मी सांगायचो आन् मेंढरं ऐकायची. मेंढरं काय हसत न्हाईत. तितंच मी ठरवलं. लोकं पाणी बघून गाव धरत्यात, मी हसू बघून धरलं.

बघायच्या गोष्टी तितं बी हुत्या, न्हाय असं न्हाय. आख्ख्या आळीत एक म्हैस नव्हती. मला वाटलं, टापटिपीची माणसं, शेणाची घाण न्हाय. एका बी दारात तुळस नव्हती. वाटलं, वाऱ्यानं लागत नसंल. आन् हरएक दाराच्या कडीला हे येवढं पितळंचं कुलूप लटकत हुतं, दिवसाढवळ्या, माणसं घरात असताना. मला वाटलं, आपुन श्रीमंतांच्या आळीत आलो. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी बी एक कुलूप घेतलं. कमीपणा नको.

आन् इचारलं न्हाय असं बी न्हाय. हौसाच्या धाकानं इचारलं की तात्या, तुमी माणसं हितं कायमची का. धोंडीतात्या बिडी शिलगावत म्हणला, "आमी काय, दिवाळीपातूर हितंच."

आता दुसरा कुणी असता तर त्येचा कान उभा ऱ्हायला असता. इचारलं असतं, आन् दिवाळीनंतर? पर आमी मेंढकं. आमच्यात कुठं बी जा, माणूस असंच बोलतो. आमचा बाप दिवाळीपातूर घरी, आमचा भाऊ दिवाळीपातूर घरी, लग्नाची बोलणी दिवाळीपातूर, भांडणं सुद्धा दिवाळीपातूर. दिवाळीच्या पलीकडं गाव असतं हे आमच्या ध्यानातच नसतं. त्यो शब्द माझ्या घरचाच हुता, म्हणून दारातनं सरळ आत आला आन् मी त्येला इचारलं न्हाय की बाबा तू कोण.

ते चार म्हयनं मी कवा इसरणार न्हाय. आजून आखाडाचं वारं पत्र्यावर वाजलं की मला पयल्यांदा हौसाचं हसूच ऐकू येतं. वाटंवर ती हसायची न्हाय, दम लागायचा. हितं समोरच्या घरात धोंडीतात्याची बायकू ठकाआक्का. जाडजूड, पान खाऊन तोंड लाल, दंडावर गोंदल्यालं. तिनं हौसाला बघितलं आन् पोटावर हात ठिऊन म्हयना सांगितला. पौष. म्हणली, हितं हायस तवर बिनघोर ऱ्हा, आळीतली निम्मी पोरं माझ्या ह्या हातात पडल्यात. हौसा त्या दिवशी जी इसावली, ती नागपंचमीला झोका खेळली, गवरीला फुगडी नको म्हणताना बी दोन फेऱ्या घातल्या. सांजचं दारात बसून मला म्हणली, बरं बघितलंत की घर. जल्मात येवढं एकदाच तिनं मला शाणा म्हणलं. मी ते वाक्य जपून ठिवलं. पुढं दुसरं मिळालं न्हाय, म्हणून तेच वापरतो.

दिवाळी झाली. भाऊबीजंच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर येतो तर आळीत ही गडबड. गाड्यांच्या आसाला वंगण चाललंय, बैलांची खुरं बघतायत, बाया मडकी गवतात गुंडाळतायत. कोंबड्या टोपल्याखाली. मी हरकलो. जाऊन एका गाडीला हात लावला, कणगीतलं धान्य उचलू लागलो, दोऱ्या आवळल्या. ज्या माणसानं तीस वरसं दर दिवाळीला स्वताचं बिऱ्हाड घोड्यावर घातलं, त्येला बिऱ्हाड वळखू येऊ नये? न्हाय आलं. मी धोंडीतात्याला इचारलं, तात्या, लगीन कुठं हाय?

"उसासंगं," तात्या म्हणला.

सगळी हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. मला वाटलं, माझा जोक लागला.

माळेगावकडं नवा कारखाना सुरू झाला हुता. आळीतली माणसं दिवाळी झाली की गाड्या जुपून तितं ऊस तोडाय आन् व्हायाला जायची, पाल्याची कोपी घालून ऱ्हायची आन् उन्हाळ्यात आखितीला घरी यायची. हे साऱ्या गावाला ठावं. मला नव्हतं. आन् मजा अशी की त्यांनी लपवलं बी नव्हतं. ठकाआक्का बोचकं बांधता बांधता हौसाला म्हणली, "आन् तुमी कवा निघणार?"

हौसा म्हणली, "कुठं?"

"कुठं म्हंजी? तुमी मेंढकं न्हवं? दिवाळी झाली की तुमी कोकणात जाणार. पौषात मी कुठं आन् तू कुठं, पर तितं घाटाखाली बी बाया असतीलच की तुमच्यातल्या."

हौसानं सांगितलं की आमी मेंढरं देऊन टाकली. आमी जाणार न्हाय. आमी ऱ्हायला आलोय.

मी दारात उभा हुतो. ठकाआक्काचा हात गाठीवर तसाच ऱ्हायला. ती हौसाच्या तोंडाकडं बघंना, माझ्याकडं बघाय लागली. इतक्या वरसात मला लई जणांनी बघितलंय, हसून बघितलंय, किवीनं बघितलंय. पर तसं कुणी बघितलं न्हाय. ती नवऱ्याला म्हणली सुद्धा की मी ऱ्हाते. पर तितं जोडी धरत्यात, नवराबायकू मिळून, बाई ऱ्हायली तर बापयाला बी काम न्हाय. धोंडीतात्या खाली बघून मिशी चोळत ऱ्हायला. गाडी जुपलेली हुती.

जाताना एकेकानं माझ्यापाशी किल्ली आणून दिली. बिरूआप्पा हाय न्हवं, मग घोर न्हाय म्हणं. नऊ घरांच्या नऊ किल्ल्या मी करगोट्याला बांधल्या. शेजार बघून घर घेतलं आन् शेजाराचा राखण्या झालो. चालताना खुळखुळ वाजायच्या. मेंढराच्या गळ्यातल्या घंटीवाणी. फरक येवढाच की आता कळप नव्हता, नुसती घंटी हुती.

मग मला माझ्याच मुलखातला पौष बघाय मिळाला. हुरडा कुणी दिला न्हाय, कारण द्यायला कुणी नव्हतं. थंडी अशी की सकाळी डेऱ्यातलं पाणी दाताला लागायचं. आन् वारं फिरलं. माझं नावाजल्यालं वारं. आखाडात पाठीवर आपटणारं वारं पौषात उगवतीकडनं आलं आन् सरळ दारातनं आत. मी दाराला पोतं लावलं, फळी लावली, शेवटी घोंगडं लावावं म्हणून बघितलं तर घोंगडं बारामतीत इकल्यालं. आळीत दोन कुत्री, मी आन् हौसा. ती दिसभर समोरच्या कुलपाकडं बघत बसायची. मी जोक करायचो. रिकाम्या आळीत जोकाचा आवाज लई मोठा येतो.

दादाकडं धाडावं तर दादा घाटाखाली. तिचं माहेर बी मेंढकंच, तेबी घाटाखाली. गावात एक सुईण हुती, पलीकडच्या पेठंला, तिला सांगून ठिवलं. ती म्हणली, येते, हाक मारा.

दुपारची येळ. मी धाब्यावर चढून फट लिंपत हुतो. खालनं हौसानं हाक मारली. एकदाच. मी खाली आलो आन् तिचं तोंड बघून पळालो. आन् कुठं पळालो असंल? समोर. ठकाआक्काच्या दारावर मी थापा मारल्या. आक्का, ये आक्का. कुलूप दारावर आपटत हुतं आन् त्येची किल्ली माझ्या करगोट्याला खुळखुळत हुती. मग दुसऱ्या दारावर. मग तिसऱ्या. हात आपोआप जायचा. आळीच्या मधी उभा राहून मी मेंढरं वळवायची हाळी घातली, कारण लांबवर ऐकू जाईल अशी तेवढी एकच हाक मला येत हुती. दोन्ही कुत्री उठून आली. मेंढराला घालायच्या हाळीला येणारं तेवढंच हुतं.

पेठंत गेलो तर सुईण सकाळीच दुसऱ्या गावाला गेल्याली. मी तितंच खाली बसलो. एका दारातनं बाई आली, हात पिठाचं, कोण कुठली मला ठावं न्हाय, सुईणीला सांगून आलो तेवढं सोडलं तर सहा म्हयन्यात मी त्या पेठंत गेलो नव्हतो, कारण तितली माणसं हसत न्हाईत असं मी ठरवलं हुतं. तिनं इचारलं, काय झालं. जल्मभर तोंड चाललं आन् त्या दिवशी येवढं एक वाक्य फुटंना. मी नुसता हात दाखवला. तिनं पदराला पीठ पुसलं आन् माझ्याफुडं पळाय लागली. घर माझं, आन् वाट तीच मला इचारत पळतीय.

आमी पोचलो तवा झालं हुतं. हौसानं एकटीनंच केलं हुतं, वाटंवर केलं तसं. यिळा, दोरा, पाणी, सगळं जवळ घिऊन बसल्याली. तिला आधीपासनं ठावं असावं की कुणी येणार न्हाय. लुगड्याच्या घडीत यसू, लाल, वरडत. त्या बाईनं आत जाऊन पुढचं बघितलं. मी दारात उभा, करगोट्याला नऊ किल्ल्या. हौसानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ती रागवंल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आलात?" ती म्हणली. "दार लावा. वारं येतंय."

आखितीला गाड्या माघारी आल्या. ठकाआक्का गाडीतनं उतरली ती आमच्याच दारात. पोर मांडीवर घिऊन रडली, आन् मग उठून मला जे बोलली ते हितं सांगण्याजोगं न्हाय. मेंढक्या, कुलूप दिसंना व्हय तुला, हे येवढं पितळ, असं काहीबाही. मी किल्ल्या काढून एकेकाच्या हातात दिल्या. हसवायचा यत्न केला न्हाय.

पुन्हा आखाड आला, पुन्हा आळी भरली, झोका, फुगडी, गुळाचा च्या. हौसा दारात बसून सगळ्यांसंगं हसायची. पर पुढची दिवाळी झाली आन् भाऊबीजंच्या दुसऱ्या दिवशी मी बघतो तर तिनं मडकी गवतात गुंडाळल्याली, यसू कडंवर, आन् ठकाआक्काच्या गाडीवर आमचं बोचकं. मी म्हणलं, अगं आपुन ऱ्हायला आलो हुतो. तिनं कडीतलं कुलूप काढून माझ्या हातात दिलं. वरसभर त्येला कुणी हात लावला नव्हता. मला ते लावता येईना. धोंडीतात्यानं दाखवलं, किल्ली कशी फिरवायची. मेंढक्यानं घर घेतलं आन् कुलूप लावाय शिकला.

माळेगावच्या रानात पाचटाच्या कोप्या वळीनं उभ्या ऱ्हायल्या. समोरासमोर पाच पाच. बरूबर आळीवाणी. आमच्या कोपीसमोर ठकाआक्काची. उसाच्या पाल्यानं हात कापलं, मळीच्या वासानं डोकं उठलं, आन् वारं तर भिंतीतनंच यायचं, कारण भिंतच पाल्याची. पर पुढची दोन्ही पोरं त्या कोपीत झाली, ठकाआक्काच्या हातात. हौसा म्हणायची, हेच आपलं घर. तिकडं नुसतं धाबं हाय.

मग मी काय निवडलं हुतं? गेनूतात्याच्या मळ्यावरनं कवा गेलो तर तितली घरं वरसाचं बारा म्हयनं उघडी असायची. धूर निघायचा. तात्या वर बघायचा न्हाय. हाक मारून बघावी असं एकदोनदा वाटलं, पर काय म्हणून मारणार? गरज असताना मारली न्हाय, आन् आता काय गंमत म्हणून मारायची.

हे सगळं मी मंदाला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पोरगी गुणाची हाय. मी म्हणलं, बाय, ज्या घरावर मन बसंल तितं दोनदा जा. एकदा आखाडात जा आन् एकदा पौषात जा. दारं कुणाची उघडी ऱ्हात्यात ते बघ. ती हसली. म्हणली, पौषापातूर कोण थांबतंय आबा, आठ दिवसात सांगायचंय, न्हायतर दुसरा घेईल. मग कागदाची घडी घातली, माझ्या पायावर डोकं टेकवलं आन् वाऱ्यात पदर धरून गेली. तीन ठिकाणांची नावं बी मी इचारली न्हाईत. इचारून तरी मला काय कळणार हुतं? मला निम्मंच वरीस कळतं.

हौसाला जाऊन लई वरसं झाली. ती आखाडातच गेली. चार दिस आथरुणाला हुती, वैद्य झाला, डाक्टर झाला. पत्रं असंच वाजत हुतं. दुपारी तिनं डोळं उघडलं आन् इचारलं, ठकाआक्का हाय का गावात?

म्हणलं, हाय की. आखाड हाय, कुठं जातीय ती.

"मग दार उघडं ऱ्हाऊ द्या," ती म्हणली.

मी हाक मारली न्हाय. उघडं दार बघूनच सगळी आली. ठकाआक्का काठी टेकत आली आन् उशाला बसली. धोंडीतात्याची सून आली, पलीकडची, त्येच्या पलीकडची. दोन खणाच्या घरात पाय ठिवाय जागा ऱ्हायली न्हाय, मलाच बाहेर वट्यावर बसाय लागलं. घर निवडाय मी चुकलो, तिनं म्हयना बरूबर निवडला. दिवाळीच्या आत.

आता बी मी वट्यावरच बसलोय. दार सताड उघडं हाय, आन् मागं मावळतीच्या भिंतीवर वारं धडका मारतंय. आत दिव्याची वात सुद्धा हलत न्हाय. तेवढं एक मी नीट बघून घेतलं हुतं.